अहो म्हणजे लसूण

नोव्हेंबर उजाडला की मंजिरीताईंच्या घराची किल्ली माझ्या किचनमधल्या हुकला यायची आणि मार्च संपेपर्यंत तिथेच लटकायची. तिच्याबरोबर त्यांच्या सगळ्या काळज्याही यायच्या. पाइप गोठला तर? घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला तर? मागच्या दाराची कडी नीट बसली नसेल तर? निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी, ड्रायव्हर घड्याळ बघतोय, आणि ही बाई कुलूप ओढून बघतेय, परत ओढून बघतेय, मग गॅस बघायला पुन्हा आत. मी म्हणायचे, ताई, जा हो तुम्ही, मी आहे ना. त्यावर त्या माझ्याकडे अशा काही बघायच्या, जणू मीच घर पेटवून देणार आहे.

मी स्वाती. लंडनजवळच्या स्लाऊत आमच्या रस्त्यावर मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि दोन दारं सोडून आमचं. नवऱ्याच्या आयटीच्या नोकरीमागे पुण्याहून आले आणि पहिल्याच हिवाळ्यात रडकुंडीला आले, तेव्हा थर्मल कुठले घ्यायचे, कौन्सिलला फोन केला की काय बोलायचं आणि कोथिंबीर कुठे ताजी मिळते, हे सगळं ह्याच बाईनं मला शिकवलं. तेव्हापासून त्या ताई, आणि त्यांचे यजमान माझे भाऊजी. पण ही गोष्ट सांगताना मी त्यांना सतीशराव म्हणते, नाहीतर कोण कुणाचे भाऊजी, असा घोळ व्हायचा.

ताई सांगलीच्या. लग्न करून आल्या त्या थेट स्लाऊच्या थंडीत. आधी चॉकलेटच्या फॅक्टरीत पट्ट्यावर उभ्या राहिल्या, मग हॉस्पिटलच्या रिसेप्शनला बसल्या, तिथूनच रिटायर झाल्या. काउंटरपलीकडच्या माणसाला शांत करण्यात एक नंबर. स्वतःला शांत करणं मात्र कधी जमलं नाही. सतीशराव ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे इथल्या एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. बोलणं कमी, हात सोन्याचे. आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक बॉयलरच्या पोटात त्यांनी एकदा तरी हात घातलेला आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. ताई नवऱ्याचं नाव घेत नाहीत. एवढी वर्षं इंग्लंडात काढली, पट्ट्यावर गोऱ्या बायकांबरोबर सँडविच खाल्लं, तरी नाही. जीपीकडे, म्हणजे डॉक्टरकडे, कुणी विचारलं, हजबंडचं नाव काय, तर ह्या कोपरानं त्यांना ढोसणार आणि ते सांगणार. इंग्लिशमध्ये 'मिस्टर आगाशे'. मराठीत फक्त 'अहो'. आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी हटून बसल्या की वर्षातून एकदा काय ते 'सतीशराव' तोंडातून निघायचं, तेही लाजून. मी माझ्या रवीला सरळ अरे म्हणते, तर ताईंना अजून त्याचं कसंसं होतं.

तसं 'अहो' काय, आपण रस्त्यात कुणाही बाप्याला म्हणतो. पण ताईंचा अहो वेगळा. सुरुवात खालून, 'हो' वर चढणारा, आणि शेवटी जरासा ओढलेला. त्यात कुठे आहात हेही यायचं आणि चहा झालाय हेही. आमच्या बागेत ऐकू यायचा. मग वरच्या खोलीतून नाहीतर गराजमधून उत्तर यायचं, "आलो."

ह्या दोघांनी हिवाळा मेक्सिकोत काढायला सुरुवात केली, तेव्हा मंडळात चर्चा झाली. लोक पुण्याला जातात, फार तर स्पेनला जातात. मेक्सिको कुठून काढलं? तर सतीशरावांचा कारखान्यातला एक मित्र, कीथ, दर वर्षी तिथे जायचा, डोंगरातल्या तळ्याकाठच्या एका गावात. त्या गावाचं नाव सान-काहीतरी आहे. तिकडे दहातली आठ गावं सान-काहीतरीच असतात, असं ताई म्हणतात. कीथनं घर बघून दिलं, आणि पुढच्या वर्षी स्वतः मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघून गेला. हे दोघं जातच राहिले.

रोज व्हिडिओ कॉल यायचा. आमच्याकडे संध्याकाळ, काळोख, पाऊस. तिकडे ताई कॉटनच्या साडीत, मागे जांभळी बोगनवेल. सकाळी तळ्याकाठी फेरी. कॅनडातून हिवाळा काढायला आलेले पांढरे पेलिकन पाण्यात बसलेले असायचे, त्यांना ताई आपल्यासारखेच पेन्शनर म्हणायच्या. गॅसवाल्याचा ट्रक गाणं वाजवत यायचा. पाण्याची टाकी गच्चीवर, सांगलीसारखी, त्यामुळे ती भरली का ह्याची काळजी. देवळाच्या, म्हणजे चर्चच्या उत्सवाला भरदिवसा बाण उडवायचे, त्याची काळजी. मक्याच्या गरम पोळ्या कोपऱ्यावर मिळायच्या, त्याच्यावर ताई स्लाऊहून नेलेल्या बेसनाचं पिठलं घालायच्या. आणि दिसेल त्या रस्त्यावरच्या कुत्र्याला सतीशराव उरलेली पोळी घालायचे, त्याची तर फारच काळजी, कारण कुत्री घरापर्यंत यायची.

आणि लसूण. पहिल्या वर्षी बाजारात सतीशराव पुढे निघून गेले, तर ताईंनी सवयीनं हाक मारली, "अहो!" शेजारच्या बाईनं लगेच लसणाचा गड्डा उचलून दाखवला. ताईंनी मान हलवली, परत हाक मारली, "अहो, थांबा ना!" बाईनं आणखी दोन गड्डे तराजूत टाकले. त्यांच्या भाषेत आहो म्हणजे लसूण. आता नाही कसं म्हणायचं, म्हणून ताईंनी पिशवीभर लसूण घेतला. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी त्या बाईला, तिचं नाव लुपे, उलगडा झाला की ही परदेशी बाई लसूण मागत नाहीये, नवऱ्याला बोलावतेय. ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. तिकडे पुरुषाला मानानं 'दोन' म्हणतात, म्हणजे आपलं राव. तर सतीशराव झाले 'दोन आहो'. लसूणराव. बेकरीवाला म्हणायचा, होडीवाला म्हणायचा, मिनीबसचे ड्रायव्हर हॉर्न वाजवून म्हणायचे. सतीशराव हॅट उचलून हसायचे. ताई मला हे सांगताना स्वतः हसायच्या, आणि ताई हसल्या की मला बरं वाटायचं, कारण ते कमीच व्हायचं.

पण मेक्सिकोचं खरं कारण कीथ नव्हता, ऊनही नव्हतं. ते मला तिसऱ्या वर्षी कळलं.

त्या सप्टेंबरात आमचा बॉयलर कुरकुरायला लागला, म्हणून सतीशराव टूलबॉक्स घेऊन आले. झाकण काढलं आणि आत बघत उभे राहिले. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाले, "हे काय आहे?" मला वाटलं थट्टा करतायत. थट्टा नव्हती. रवीनं काहीतरी बोलून चहा ठेवला, तेवढ्यात ताई आल्या, त्यांनी एका नजरेत सगळं पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, घरी चला, फोन आलाय." फोनबिन काही नव्हता.

संध्याकाळी त्या एकट्या आल्या. म्हणाल्या, दोन वर्षं झाली, हळूहळू चाललंय. आधी शब्द, मग माणसं. म्हणून तर हिवाळ्यात सांगलीला जाणं सोडलं. सांगलीत दारात उभं राहून जो तो विचारतो, ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण? आपल्या लोकांना ह्याची भारी हौस. सतीशराव कसनुसं हसत उभे राहायचे आणि ताईंच्या जिवाचं पाणी व्हायचं. मेक्सिकोत कुणी ओळखलं का विचारत नाही. तिथे सगळेच परदेशी म्हातारे शब्द शोधत असतात, हातवारे करतात, एक म्हणायचं तर दुसरं म्हणतात. त्यात हे एक. कुणाला कळत नाही.

मग माझा हात धरून म्हणाल्या, मिहीरला सांगू नकोस. मिहीर त्यांचा मुलगा, कार्डिफला हॉस्पिटलमध्ये एक्स-रे विभागात आहे. "तो लगेच तपासण्या करेल. मग ह्यांची गाडी जाईल. मग मेक्सिको जाईल. मग हेही जातील कुठेतरी, होममध्ये."

मी कबूल केलं. काय करणार? पण तेव्हापासून किल्लीबरोबर ही एक काळजीही माझ्या हुकला लटकली. ताईंच्या काळज्या इतकी वर्षं मी हसण्यावारी नेल्या, आता मीच रोज व्हिडिओत आधी ताईंच्या खांद्यामागे बघायचे, सतीशराव दिसतायत का. दिसले की मग बोलणं सुरू.

ह्या जानेवारीतला बुधवार. बुधवारी तिकडे रस्त्यावर बाजार भरतो. आमच्याकडे कडाक्याची थंडी, गाड्यांच्या काचा दुपारीसुद्धा पांढऱ्या. मी काम करते ती शाळा सुटल्यावर किल्ली घेऊन ताईंच्या घरी गेले. तिकडे सकाळ होती. मी जॅकेटही काढलं नव्हतं तेवढ्यात ताईंचा कॉल आला, मागे बाजाराचा कलकलाट. पहिला प्रश्न ठरलेला, बॉयलरच्या प्रेशरचा काटा हिरव्यात आहे ना? मी बघितलं तर काटा पार खाली. मी तसं सांगितलं. ताईंचा चेहरा पडला, गोठणार आता पाइप, छत गळणार. "थांब, ह्यांना विचारते," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. हे आता त्यांना विचारण्यात अर्थ नाही, हे त्या क्षणी त्यांच्या लक्षातच आलं नाही.

त्या वळल्या. "अहो, ते बॉयलरचं..."

पुढे काही नाही. मला फोनमध्ये टोमॅटोचा ढीग दिसत होता आणि त्याच्या बाजूला मोकळी जागा.

"इथेच होते," ताई म्हणाल्या. "अगं, इथेच तर उभे होते, पिशवी धरून."

मग फोन हातात तसाच ठेवून त्या निघाल्या. मला काय दिसत होतं म्हणाल तर ताडपत्रीचं निळं छत, मग आकाश, मग साडीच्या निऱ्या, लोकांचे पाय, मिरच्यांची पोती. आणि आवाज. "अहो! अहो!" तो नेहमीचा ओढलेला अहो नव्हता, नुसता फाटलेला आवाज. आणि प्रत्येक हाकेला कोणीतरी बाई पुढे व्हायची. आहो? सी, सेन्योरा, आहो! हातात लसणाच्या माळा. आणखी पुढे गेल्या, तिथेही तेच. एकीनं तर गड्डा त्यांच्या हातातच कोंबला. लुपेनं ओळखलं असतं, पण तिची जागा बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे सगळ्या परगावच्या विक्रेत्या. त्यांना काय ठाऊक?

माझं डोकं फिरलं. मी ह्या टोकाला, स्लाऊच्या त्या गारठलेल्या किचनमध्ये उभी राहून ओरडतेय, "ताई, नाव घ्या! अहो नको, नाव घ्या!"

त्या थांबल्या. छाती भात्यासारखी चाललेली ऐकू येत होती. आणि मग आयुष्यात पहिल्यांदा, उखाण्याशिवाय, भर बाजारात, त्यांनी हाक मारली. "सतीश!" परत, "सतीश! सतीश!"

कुणी वळून बघितलं नाही. त्या नावाला तिथे कोणी ओळखतच नव्हतं. मग चित्र थिजलं आणि फोन बंद झाला. बॅटरी संपली असणार.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. परत परत लावून बघितला, लागत नव्हता. डोळ्यांसमोर ते तळं यायला लागलं. आणि आठवलं की त्यांच्या खिशात काही नसणार. पाकीट, घराचा पत्ता, फोन, सगळं ताईंच्या पर्समध्ये, कारण बाजारात खिसे कापतात, ही ताईंची काळजी. सगळं सांभाळायच्या नादात त्या माणसाच्या अंगावर त्याची म्हणून एक खूण ठेवली नव्हती. मला ताईंचा राग आला, मग रागाची लाज वाटली. माझ्या मांडीवर फोन, आणि फोनमध्ये मिहीरचा नंबर.

वचन दिलं होतं. पण असं वचन पाळून मी काय मिळवणार होते? लावला फोन. धड बोलताही येईना. मिहीर, बाबा सापडत नाहीयेत, आणि अजून एक आहे, ते मी तुला सांगायला हवं होतं, ते हल्ली...

तो मध्येच म्हणाला, "मावशी, मला माहिती आहे." जन्मानं स्लाऊचा मुलगा, त्याची मराठी नेहमीच अशी. "दिवाळीला बाबा मला विचारला, तू काम कुठे करतो. थ्री टाइम्स. आई किचनमध्ये रडत होता. आईनी नाही सांगितला, म्हणून मी पण नाही विचारला." मग म्हणाला, तू लाइन मोकळी ठेव, मी इकडून बघतो.

म्हणजे बघा. आई मुलापासून लपवतेय, मुलगा आईला कळू देत नाहीये की त्याला कळलंय, आणि मधे मी, कुलूपबंद तोंडाची. काय म्हणावं आम्हाला?

बसवेना, म्हणून बॉयलरपाशी गेले. खाली दोन नळ होते, त्यातल्या एकावर लाल रंगाचा ठिपका. सतीशरावांनी कधीतरी ताईंना समजावं म्हणून लावलेला. तो जपून फिरवला तर पाण्याचा सळसळ आवाज झाला आणि काटा वर चढून हिरव्यात येऊन थांबला. इतकं सोपं काम, आणि त्यासाठी हे रामायण. मला रडूच फुटलं. मी तिथेच भिंतीला डोकं टेकून रडले, आणि देवाला म्हटलं, ह्या बाईनं आयुष्यभर फुकटच्या काळज्या केल्या, आता ही एक खरी करू नकोस.

बाहेर पार काळोख झाला होता तेव्हा फोन वाजला. लांबलचक अनोळखी नंबर, व्हिडिओ. उघडला तर स्क्रीनभर एक गोल चेहरा, वेणीत लाल रिबन, खळखळून हसतोय. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण म्हटलं, "लुपे?" ती म्हणाली, सी सी सी, आणि फोन फिरवला.

लसणाच्या ढिगाशेजारी, उलट्या खोक्यावर, सतीशराव बसले होते. हॅट डोक्यावर, पिशवी पायाशी. निवांत लसूण सोलत होते. आणि ताई त्यांच्या शेजारी जमिनीवर, साडीची पर्वा न करता, त्यांचा गुडघा धरून. माझा जीव भांड्यात पडला, आणि तो पडल्याचा आवाज बहुतेक कार्डिफपर्यंत गेला असेल, कारण मी लगेच मिहीरला फोन केला.

झालं होतं ते असं. बाजार करून निघालेल्या बायकांच्या मागोमाग सतीशराव मिनीबसमध्ये चढले होते आणि तळ्याच्या कडेकडेनं पार शेवटच्या गावी पोचले. सगळे उतरले, हे बसूनच. ड्रायव्हर नवा होता. त्यानं विचारलं, कुठे जायचं, कुठे राहता, काही उत्तर नाही. शेवटी विचारलं, नाव काय? नाव तर तिथल्या लहान पोरालाही समजेल असं विचारतात. सतीशरावांनी खूप विचार केला. मग त्याला सांगितलं, "अहो."

ड्रायव्हर हसला. लसूण? पण दारातून टोपली उतरवणारी एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, अरे, हसतोस काय, हे लुपेचे दोन आहो. तिनं टोपली पुन्हा आत ठेवली, त्यांच्या शेजारी बसली आणि उलट्या फेरीनं त्यांना लुपेच्या पुढ्यात आणून उभं केलं. लुपेनं त्यांना खोक्यावर बसवलं, हातात लसूण दिला, आणि दोन पोरी ताईंना शोधायला पळवल्या.

हे सगळं ताईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, गच्चीवर जाऊन, सतीशरावांना ऐकू जाऊ नये म्हणून.

"स्वाती," त्या म्हणाल्या, "त्यांना स्वतःचं नाव आठवलं नाही गं. मी हाक मारते ते आठवलं." आणि मग, "मी रोज नाव घेतलं असतं, तर राहिलं असतं का लक्षात?"

मी चिडले. मला असलं ऐकवत नाही. म्हटलं, काहीतरीच काय ताई, रोज सतीश सतीश केलं असतं तर त्या गावात कोण ओळखणार होतं त्यांना? तुमच्या अहोमुळे माणूस घरी आला. ताईंनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं की नाही, मला आजही माहीत नाही.

मार्च संपायच्या आधीच ते परतले. मिहीर हीथ्रोला गेला होता. त्यानं आईला एक शब्द विचारला नाही, नुसती बॅग घेतली आणि बापाचा हात धरला. आता तपासण्या झाल्यात, नावही कळलंय त्या आजाराचं, गाडीची किल्ली मिहीरकडे गेलीय. पुढच्या हिवाळ्याचं कुणी बोलत नाही. लुपेचा कधीतरी व्हॉइस मेसेज येतो, त्यातलं 'दोन आहो' तेवढं आम्हाला समजतं. आणि घराची किल्ली ह्या वेळी ताईंनी परत मागितली नाही. मीही दिली नाही. ती हुकलाच आहे.

रोज सकाळी शाळेत जाताना त्यांच्या खिडकीत बघते. पडदा उघडलेला दिसला की पुढे जाते. रवी म्हणतो, तू ताईंसारखी व्हायला लागलीस. हो, झाले.

मागच्या आठवड्यात कचरा नेणाऱ्या बिनवाल्यांचा दिवस होता. सकाळी बिन बाहेर ओढत आणलं आणि सहज वर बघितलं, तर रस्त्याच्या पार टोकाला, जिथे आमची गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते, तिथे एक माणूस पाठमोरा चाललेला. हॅट, हातात कापडी पिशवी, पायात घरातल्या सपाता. पुढे दोन्ही बाजूंनी लॉऱ्या धावतायत. ताईंच्या घराचं दार सताड उघडं, वर ताईंच्या शॉवरचा आवाज.

मी बिन सोडून पळाले. ओरडले, "भाऊजी!" ते चालतच राहिले. "सतीशराव!" नाही. "मिस्टर आगाशे!" मान सुद्धा हलली नाही. पावलं फुटपाथच्या कडेपर्यंत पोचली. मला कळून चुकलं की मी पोचत नाही.

तेव्हा मी थांबले. श्वास घेतला. समोरच्या घरातली जेन दारात चहाचा मग घेऊन उभी होती, दोन पोरं शाळेला निघाली होती, आणि मी, दुसरीच्या नवऱ्याला, भर रस्त्यात, खालून सुरू करून, 'हो' वर चढवून, शेवटी जरासा ओढून हाक मारली.

"अहो..."

ते जागच्या जागी थांबले. सावकाश वळले. मला नीट बघितलंही नाही त्यांनी, किंवा बघूनही त्यांना कळलं नसेल कोण ते. नुसती हॅट सारखी केली आणि घराच्या दिशेनं चालायला लागले.

"आलो," ते म्हणाले.